बघण्याची मजुरी: केरळात कारखाने का रमेनात

सप्टेंबर २०२१ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ थुंब्याला एक अजस्र ट्रक अडवला गेला. आत विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी आलेली यंत्रसामग्री होती. माल एवढा जड की हमालांनी हात लावायचा प्रश्नच नव्हता. तरीही स्थानिकांनी १० लाख रुपये मागितल्याच्या बातम्या आल्या आणि शेवटी पोलीस बंदोबस्तात ट्रक आत गेला. या मागणीला मल्याळममध्ये चक्क शब्द आहे: नोक्कुकूली. 'नोक्कु' म्हणजे बघणं आणि 'कूली' म्हणजे मजुरी. माल दुसऱ्याने उतरवायचा, आपण बघत उभं राहायचं आणि बघितल्याचे पैसे घ्यायचे.

आपल्याकडे वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून, ट्रकवाले आणि व्यापारी वर्षानुवर्षं भांडत आले आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला; केरळचा हमाल कायदा १९७८ चा. पाठीवर ओझी वाहणाऱ्याला नोंदणी, ठरलेला दर आणि म्हातारपणी काहीतरी आधार मिळावा, हाच दोन्हींचा हेतू. केरळात मात्र नोंदणीबरोबर इलाखे पडले. या नाक्यावर उतरणारा माल या टोळीचा, तो कुणीही उतरवो. १ मे २०१८ पासून सरकारने नोक्कुकूलीवर बंदी घातली, तीही डाव्या आघाडीच्याच सरकारने. थुंब्याचा प्रसंग त्यानंतरचा आहे.

एवढ्यावरून 'कम्युनिस्टांनी उद्योग पळवले' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. इतिहास तितका सरळ नाही.

आजच्या केरळच्या दक्षिण भागातल्या त्रावणकोर संस्थानात उद्योग आणले ते दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी. १९४० मध्ये मुन्नारजवळ पल्लिवासलचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला आणि त्या स्वस्त विजेच्या जोरावर कोचीजवळच्या अलुव्याच्या परिसरात, पेरियार नदीकाठी, ॲल्युमिनियमचा कारखाना आला. मग 'फॅक्ट' हा खतांचा कारखाना आला. त्याने १९४७ मध्ये उत्पादन सुरू केलं तेव्हा अमोनियासाठी लागणारा वायू चक्क जळाऊ लाकडापासून काढला जात होता. म्हणजे पाणी, वीज आणि जंगल यांच्या बळावर हे राज्य इतरांच्या पुढेच होतं. पण या कारखान्यांना वीज फार लागे आणि माणसं कमी. लाखो हातांना काम होतं ते काथ्या, काजू आणि विडीत. तिथे भांडवल तुटपुंजं, नफ्याला आधार एकच: कमी मजुरी.

आणि नेमक्या याच धंद्यांत संघटना आधी रुजल्या. आलप्पुळच्या काथ्या कामगारांची संघटना १९२२ पासूनची. १९४६ मध्ये दिवाणांच्या राजवटीविरुद्ध पुन्नप्र-वायलारला झालेल्या उठावात संस्थानच्या फौजेसमोर उभे राहिलेल्यांत हेच कामगार होते. उत्तर केरळातल्या कण्णूरच्या विडी कारखान्यांत तर वेगळीच रीत होती. सगळे मांडीवर सूप घेऊन वळत बसलेले, आणि त्यांच्यातलाच एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवणार. त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देणार. असा कामगार मालकाला सोपा कसा जाईल?

१९६६ मध्ये विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. केरळने त्याची अंमलबजावणी मनावर घेतली, तेव्हा १९६८ मध्ये मंगळूरच्या मालकांनी कण्णूर भागातलं काम गुंडाळलं. सुमारे १२ हजार माणसं रिकामी झाली. कायदा देशभर एकच होता, पण तो पाळायची सक्ती जिथे होती तिथून काम उठलं. पुढच्या वर्षी सरकारच्या मदतीने 'दिनेश विडी' ही सहकारी संस्था उभी राहिली, ती गोष्ट वेगळी.

माझ्या मते केरळची गोम इथे आहे. राज्य म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यातली एक चिंचोळी पट्टी. मालकाला मजुरी परवडेना तर फार लांब जावं लागत नाही. काजूचं बघा. कोल्लमच्या कारखान्यांत आफ्रिकेहून कच्चा काजू यायचा आणि हजारो बायका तो फोडायच्या, सोलायच्या. किमान वेतन वाढलं तसं काम सरकलं तमिळनाडूतल्या कन्याकुमारी जिल्ह्यात. हा मुलूख १९५६ पर्यंत त्रावणकोरचाच होता. राज्य पुनर्रचनेत मधून रेघ ओढली गेली, आणि त्या रेघेच्या पलीकडे तेच काम कमी पैशांत होऊ लागलं.

सगळे दोष मजुरीच्या माथी मारण्यातही अर्थ नाही. कोळिकोडजवळ मावूरला बिर्लांचा लगदा कारखाना आणण्याचा निर्णय ई. एम. एस. नंबूदिरीपाद यांच्या पहिल्या कम्युनिस्ट सरकारचा, हे आज अनेकांना खरं वाटत नाही. १९६३ मध्ये तो सुरू झाला, बांबूसाठी सवलती मिळाल्या, आणि चालियार नदीचं पाणी नासलं. १९८५ मध्ये बंद, १९८८ मध्ये पुन्हा चालू, २००१ मध्ये कायमचा बंद. पालक्काड जिल्ह्यातल्या प्लाचिमडात कोका-कोलाचा प्रकल्प २००० मध्ये आला आणि विहिरींच्या पाण्यावरून झालेल्या आदिवासींच्या आंदोलनानंतर २००४ मध्ये थांबला.

पाणी नासलं की ते लगेच कुणाच्या तरी परसात पोचतं, कारण रिकामी जागाच नाही. २०११ च्या जनगणनेत केरळात चौरस किलोमीटरला ८६० माणसं होती, महाराष्ट्रात ३६५. नेत्रावती एक्सप्रेसच्या खिडकीत बसून कासरगोडच्या पुढे बघत राहा: नारळ, घर, विहीर, पुन्हा घर. एक गाव कुठे संपलं नि दुसरं कुठे लागलं, कळत नाही. १९७० पासून लागू झालेल्या जमीन सुधारणांनी कुळांना जमिनी दिल्या, खासगी मालकीला कमाल मर्यादा घातली, मळ्यांना मात्र त्यातून वगळलं. मग शंभर एकराचा सलग तुकडा आणायचा कुठून? २००८ च्या कायद्याने भातखाचरं भरण्यावरही बंधन आलं. त्याबद्दल कुरकुरणाऱ्या उद्योजकांविषयी मला फारशी सहानुभूती नाही, पण अडचण खरी आहे.

दरम्यान सत्तरच्या दशकापासून शिकलेली पोरं आखातात गेली. त्यांचा पैसा घरात, सोन्यात, दुकानात आला. यंत्रात फारसा नाही. ज्यांनी यंत्रात घातला त्यांनाही बाहेर जागा सापडत गेली. देशातलं सर्वाधिक रबर केरळात पिकतं, पण केरळच्याच माम्मेन माप्पिळ्ळे यांनी 'एमआरएफ'ची सुरुवात केली ती १९४६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला, फुगे बनवून. 'अपोलो'चा पहिला टायर कारखाना १९७७ मध्ये त्रिशूर जिल्ह्यात निघाला. पुढचे मोठे कारखाने गुजरात आणि चेन्नईकडे. २०२१ मध्ये 'किटेक्स' या कापड कंपनीने सरकारी तपासण्यांच्या त्रासाचं कारण देत ३,५०० कोटींचा बेत केरळातून मागे घेतला, तेव्हा तेलंगण सरकारने मालकांना न्यायला खास विमान पाठवलं होतं.

तरी आज एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पेरुंबावूरला गेलात तर कारखान्यांची रांग दिसते. प्लायवूडच्या शेकडो गिरण्या. कच्चा माल म्हणजे चीक आटलेल्या जुन्या रबराच्या झाडांचं लाकूड. आत लाकडाचे पातळ पापुद्रे सोलणारे, वाळवणारे, चिकटवणारे बहुतेक जण बंगाल, आसाम, ओडिशाचे. सरकारी भाषेत 'अतिथी कामगार'. रविवारी बाजारात दुकानांच्या पाट्या बंगालीतही वाचायला मिळतात.