पार्श्वभूमी: बँकरोलचे गणित आणि 13.5 टक्क्यांचा घोळ

खिशातले खेळायचे पैसे, म्हणजे बँकरोल, संपण्याआधी समोरच्याचे संपतील का, हा प्रश्न गणितज्ञांनी 1650च्या दशकातच हाती घेतला होता. 1657मध्ये एका डच शास्त्रज्ञाने तो छापला: दोन खेळाडू, प्रत्येकाजवळ 12 चकत्या आणि तीन फासे. 14 पडले की पहिल्याला एक चकती मिळते, 11 पडले की दुसऱ्याला. 216 पैकी 14 पडण्याचे प्रकार 15 आणि 11चे 27. एवढ्याशा फरकाने सगळ्या चकत्या जिंकण्याची शक्यता दुसऱ्यासाठी पहिल्याच्या सुमारे 1,157 पट होते. भांडवल कमी आणि पारडे विरुद्ध बाजूला झुकलेले असेल तर काय होते, हे तेव्हाच कळले होते.

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात दर हाताला किती पैसे लावावेत, या आजच्या वादाची मुळे मात्र 1956मध्ये आहेत. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका टेलिफोन प्रयोगशाळेतून आलेल्या निबंधात 'केली सूत्र' (केली हे लेखकाचे आडनाव) मांडले गेले: बेट, म्हणजे लावायची रक्कम, एजच्या (लावलेल्या पैशावर खेळाडूला सरासरी मिळणाऱ्या फायद्याच्या) प्रमाणात ठेवा, म्हणजे दीर्घकाळात पैसा सर्वांत वेगाने वाढतो. 1961मध्ये एक तरुण प्राध्यापक हे सूत्र घेऊन नेवाडात ब्लॅकजॅक खेळायला गेला. त्याला भांडवल पुरवणारे 1 लाख डॉलर द्यायला तयार होते, त्याने 10 हजारच घेतले आणि ते दुपटीहून थोडे अधिक करून परतला. माझ्या मते त्या सगळ्या दौऱ्यात हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा होता.

पुढे काउंटरांनी (पडलेली पाने मोजून एज ओळखणाऱ्या खेळाडूंनी) टीम बांधल्या, पैसा एकत्र केला, आणि पूर्ण केली (सूत्र सांगते तेवढी बेट) खेळायचे की अर्धे, यावर भांडणे सुरू झाली. या वादात एक आकडा सतत फेकला जातो: पूर्ण केलीत बुडण्याचा धोका 13.5 टक्के. तो अर्धाच खरा आहे.

10 हजार डॉलरचा बँकरोल, 1 टक्क्याची एज आणि ब्लॅकजॅकच्या एका हाताचे व्हेरिअन्स (निकालातला चढउतार मोजणारा आकडा) साधारण 1.3 धरा. पूर्ण केलीची बेट येते सुमारे 77 डॉलर. पैसे घटले तरी बेट 77च ठेवली, तर कधी ना कधी सगळे जाण्याची शक्यता 13.5 टक्के. पण सूत्र तसे सांगतच नाही. पैसे घटले की बेटही घटवायची, हाच त्याचा गाभा आहे. तसे केले तर कागदावर शून्य कधी येत नाही. त्याऐवजी, बँकरोल कधीतरी निम्म्यावर येण्याची शक्यता 50 टक्के असते. रिस्क ऑफ रुईन, म्हणजे सगळे पैसे जाण्याचा धोका, आणि निम्म्यावर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींत मिसळल्यामुळे 'पूर्ण केली खेळलो, तरी बुडलो नाही' असे सांगणारे आणि 'माझे अर्धे गेले' म्हणणारे एकमेकांना खोटे ठरवत बसतात.

अर्ध्या केलीत, म्हणजे 38 डॉलरच्या बेटीत, वाढीचा वेग पूर्ण केलीच्या 75 टक्के राहतो. बेट कमी-जास्त करत गेलात तर निम्म्यावर येण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांवर उतरते, आणि स्थिर बेटीत बुडण्याची 1.8 टक्क्यांवर. एवढ्या मोबदल्यात वेगाचा चौथा हिस्सा सोडणे मला महाग वाटत नाही.

त्याहून मोठे कारण वेगळे आहे. एज हा अंदाज असतो. 1 टक्का समजलात आणि प्रत्यक्षात अर्धा टक्काच निघाली, तर 77 डॉलरवाला नकळत दुप्पट केली खेळत असतो: स्थिर बेटीत बुडण्याचा धोका सुमारे 37 टक्के, आणि बेट बदलत राहिला तरी दीर्घकालीन वाढ शून्य. 38 डॉलरवाला मात्र तेव्हा नेमका पूर्ण केलीवर येतो. थकल्यावर होणाऱ्या चुका, वाईट पेनिट्रेशन (पुन्हा पिसण्याआधी गड्डीतली थोडीच पाने वाटली जाणे), डीलरने लवकर शफल करणे, म्हणजे पाने पिसणे, हे सगळे एज खातात आणि कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत.

नव्या शतकाच्या सुरुवातीला लास वेगासमध्ये ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पानांत 21 झाल्यावर) 3:2ऐवजी 6:5, म्हणजे 100 डॉलरवर 150ऐवजी 120, देणारी टेबले पसरली. या एका बदलाने घराचा, म्हणजे कसिनोचा, फायदा सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढतो. वरच्या उदाहरणातली 1 टक्क्याची एज तिथे पूर्ण जाते आणि वर तोटा उरतो. एज ऋण झाली की बँकरोल 10 हजार असो वा 10 लाख, खेळत राहणाऱ्याचा रिस्क ऑफ रुईन 100 टक्के.