मराठवाड्याचं पाणी एवढं खोल कसं गेलं

आमच्याकडं कुणी म्हातारं माणूस बाहत्तरच्या दुष्काळाचं सांगायला लागलं की एक गोष्ट हमखास येते, खायला नव्हतं पण प्यायला होतं. लोक खडी फोडायला जायचे, सुकडी खायचे, बाहेरनं आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापायचे, पण विहिरीत पोहरा सोडला की भरून यायचा. आता उलटंय, रेशनचं धान्य घरात आणि हंडे टँकरच्या वाटेवर.

मधल्या पन्नास वर्षांत काय झालं म्हणाल तर आधी जमीन बघा. खाली सगळा काळा पाषाण, त्यात पाणी फारसं मावत नाही, वरच्या मुरमात आणि भेगांत असेल तेवढंच. बाहत्तरनंतर गावागावात बोअरच्या मशिनी आल्या, आधी हापसे, मग मोटारी, मग ऊस, आणि पाऊस जेवढं भरायचा त्याहून जास्त आपण उपसत गेलो. नुसतं पावसाला बोल लावून चालत नाही, हे माझं मत, ऊसवाले पाहुणे चिडतात माझ्यावर.

धरणं होती की. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, शंभर टीएमसीच्या, म्हणजे शंभर अब्ज घनफुटांच्या, वरचा नाथसागर जलाशय. पण गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक-नगरला धरणं वाढली, मग कमी पावसाच्या साली पाणी सोडा-नको सोडू हे भांडण थेट कोर्टात. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ ला आला तरी भांडण काही मिटलं नाही.

लातूरचं तर सगळ्या देशानं पाहिलं. मांजरा धरण आटलं, मार्च २०१६ ला पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर.

मागच्या उन्हाळ्यात मामाच्या रानात बोअर मारला. पाणाड्यानं हातावर नारळ उभा करून जागा दाखवली, तमिळनाडूच्या नंबरची गाडी रात्री आली, मामीनं दगडाला हळदकुंकू वाहिलं. चारशे फुटांला जरा ओल दिसली, सातशेपर्यंत मात्र नुसता पांढरा फुफाटा, शेजारच्या आंब्याचा मोहोरसुद्धा पांढरा झाला. पहाटे मशीनवाल्यानं फुटाप्रमाणे हिशोब केला, पैसे मोजून घेतले आन गाडी पुढच्या गावाला गेली.