ओएओ-१ आणि ओएओ-बी: प्रक्षेपण फसले ते एकीचेच

हबल अवकाश दुर्बिणीच्या कितीतरी आधी, १९६६ ते १९७२ या काळात, नासाने उपग्रहांवरच्या चार खगोल वेधशाळा उडवल्या. त्यांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे ओएओ. दोन गाजल्या, दोन वाया गेल्या, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण वाया गेलेल्या दोघींना 'प्रक्षेपण फसले' असे एकच लेबल चिकटवलेले वारंवार दिसते आणि मला ते अजिबात सहन होत नाही.

ओएओ-१ ला अ‍ॅटलास-अजेना रॉकेटने ८ एप्रिल १९६६ रोजी व्यवस्थित कक्षेत सोडले होते. नंतर तिची वीजयंत्रणा बिघडली आणि तीन दिवसांत, दुर्बिणी सुरू होण्याआधीच, सगळे संपले. दोष उपग्रहाचा; रॉकेटने आपले काम चोख केले होते.

ओएओ-बी कक्षेत पोचलीच नाही. ३० नोव्हेंबर १९७० ला ती अ‍ॅटलास-सेंटॉरवरून निघाली, तेव्हा तिच्या पोटात जवळपास एक मीटर व्यासाच्या आरशाची अतिनील दुर्बीण होती. रॉकेटच्या टोकाला उपग्रहाभोवती एक कवच असते. दाट हवेतून जाताना ते उपग्रहाला जपते. हवा विरळ झाली की ते उघडून गळून पडायला हवे, कारण पुढे ते नुसते ओझे. इथे ते सुटलेच नाही. सेंटॉरचे, म्हणजे रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे, इंजिन चालू होते, पण त्या ओझ्यामुळे कक्षेत राहण्याइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.५ किलोमीटरचा, वेग गाठता आला नाही. तेवढा वेग नसेल तर कितीही उंच गेलात तरी खालीच यावे लागते. सेंटॉर आणि दुर्बीण दोन्ही वातावरणात परतून नष्ट झाली. त्या दुर्बिणीला एक ताराही पाहायला मिळाला नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

आपल्याकडे ३१ ऑगस्ट २०१७ ला पीएसएलव्ही-सी३९ चे कवच असेच अडकले होते. फरक इतकाच, की ते रॉकेट ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत का होईना, पोचले; त्यातला आयआरएनएसएस-१एच हा दिशादर्शक उपग्रह मात्र कवचातच कोंडून राहिला.

या घोळात नावांचीही भर पडते. उड्डाणाआधी अक्षर, कक्षेत पोचल्यावर आकडा, अशी ती पद्धत. म्हणून बी कायमची बीच राहिली. तिला ओएओ-२ म्हणणे साफ चूक. ओएओ-२ म्हणजे १९६८ साली उडालेली, चार वर्षे चाललेली वेगळीच वेधशाळा. आणि १९७२ ची कोपर्निकस उड्डाणांत चौथी असूनही ओएओ-३ आहे.