घोड्याचा पाय आणि स्वाराचं मरण

बडोद्यात काळ्या घोड्यापाशी, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी, थांबलं की कुणीतरी हमखास सांगतं: पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार रणात पडला, एकच उचललेला असेल तर जखमांनी गेला, चारही जमिनीवर असतील तर अंथरुणात. परवा भाचीनेही हेच विचारलं.

"अगं, हा पुतळा बसवला तेव्हा सयाजीराव महाराज हयात होते," मी म्हटलं. डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचं हे काम. महाराज गेले १९३९ साली. त्यांचं मरण शिल्पकाराला आधीच कसं कळणार?

माद्रिदचं उदाहरण तर याहून ठसठशीत आहे. पिएत्रो ताक्काने १६४० मध्ये स्पेनचा राजा चौथ्या फिलिपचा घोडा दोन्ही पाय उंच उचललेला घडवला. राजा गेला १६६५ मध्ये, आजारपणात. त्या घोड्याचा पाय ठरवला तो वजनाने. कांस्य म्हणजे तांबं आणि कथील, भलतं जड. पुढचा भाग पोकळ आणि पातळ ओतायचा, मागचा जाड ठेवायचा, सगळा भार मागच्या पायांवर घ्यायचा आणि शेपटीचा हळूच टेकू द्यायचा. शेपटीची ही युक्ती मला फार आवडते.

एक पाय उचललेला घोडा रोममध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्यातही आहे, जवळपास अठराशे वर्षांपूर्वीचा. ती चालत्या घोड्याची ऐट. पुढच्या शिल्पकारांनी तीच गिरवली.

भाची आता प्रत्येक पुतळ्यात आधी शेपटी बघते.