ब्रासँस, झॉर्झ
(२२ ऑक्टोबर १९२१–२९ ऑक्टोबर १९८१). फ्रेंच शांसाँ (शब्दांना प्राधान्य देणारे गीत) परंपरेतील श्रेष्ठ कवी, संगीतकार व गायक. जन्म भूमध्य समुद्रावरील सेत या बंदरात. वडील गवंडी व धर्माबाबत मुक्तविचारी. इटालियन वंशाची आई मात्र श्रद्धाळू कॅथलिक. कवितेची गोडी ब्रासँस यांना आल्फाँस बॉनाफे या शिक्षकांनी लावली. १९४० मध्ये ते पॅरिसला आले. १९४३ मध्ये सक्तीच्या श्रमसेवेसाठी त्यांची रवानगी बर्लिनजवळच्या बासडोर्फ येथे झाली. पुढील वर्षी रजेवर आले ते परतलेच नाहीत. झान प्लाँश यांच्या पॅरिसमधील घरी लपून राहिले आणि युद्ध संपल्यावरही सु. १९६६ पर्यंत तेथेच राहिले. १९५२ च्या सुरुवातीस गायिका पाताशू यांनी आपल्या माँमार्त्रमधील कॅबरेत त्यांना संधी दिली. मृत्युदंडावर प्रहार करणाऱ्या ‘ल गोरीय’ या गाण्यावर फ्रेंच नभोवाणीवर बंदी आली.

त्यांच्या चाली एकसुरी असल्याचा आक्षेप जुना आहे. गिटार आणि प्येर निकोला यांचा डबल बास एवढ्या मोजक्या साथीमुळे तो घेतला गेला असावा. अमेरिकन जॅझवादकांनाही या चाली वाजवाव्याशा वाटल्या, हे पाहता त्या कवितेच्या चरणाला जपून बांधल्या आहेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फ्रेंच पद्यात अक्षरे मोजतात आणि बोलताना लोपणारा शब्दाचा अंत्य स्वरही, पुढे व्यंजन आल्यास, त्या मोजणीत धरतात. अभंगात आपण ‘देव’ची दोन अक्षरे धरतो, तसेच हे. सेत ज्या दक्षिण फ्रान्समध्ये आहे तेथील उच्चारात तो स्वर बराचसा टिकून असल्याने ब्रासँस यांच्या गाण्यात छंद कोठेही अडखळत नाही. लुई आरागाँ यांची सुखी प्रेम नसतेच असे सांगणारी कविता आणि फ्रांसिस झाम यांची मेरीची प्रार्थना या दोन्ही त्यांनी एकाच चालीवर गायिल्या. दोन्हींचे मुख्य चरण बारा अक्षरी असल्याने हे जमले. निरीश्वरवादी कवी आणि कॅथलिक कवी असे एका सुरात आणण्यामागे केवळ छंदाची सोय होती की काही भाष्य, याविषयी एकमत नाही. आरागाँच्या कवितेचे शेवटचे कडवे मात्र त्यांनी गाळले. त्यातच कवी वैयक्तिक दुःखाकडून दोघांच्या प्रेमाकडे वळतो. त्यामुळे गाण्यात मूळ कवितेपेक्षा निराशा अधिक गडद होते. व्हियाँ, ह्यूगो व पॉल फोर यांच्या कवितांनाही त्यांनी चाली दिल्या.

१९६७ मध्ये फ्रेंच अकादमीने त्यांना काव्यपुरस्कार दिला. सेतच्या पुळणीवर दफन व्हावे अशी विनवणी त्यांनी १९६६ च्या एका दीर्घ गीतात केली होती. सँ-जेली-द्यू-फेस्क येथे कर्करोगाने निधन झाल्यावर त्यांना सेतमध्येच, ल पी दफनभूमीत पुरण्यात आले.