शारीरिक आजार व औषधांमुळे होणारे नेत्रविकार

शरीरातील अन्य आजारामुळे किंवा त्यावरच्या औषधामुळे डोळ्यांत उद्भवणारे विकार. मूळ दुखणे एका डॉक्टरकडे आणि डोळे दुसऱ्याकडे, अशा वाटणीमुळे ते पुष्कळदा उशिरा उघडकीस येतात.

मधुमेहात दृष्टिपटलातील (डोळ्याच्या मागचा, प्रकाश टिपणारा पडदा, रेटिना) केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होऊन त्यांतून द्रव झिरपतो; पुढे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि रक्तस्राव होतो. नजर मात्र बराच काळ शाबूत असते. म्हणूनच टाइप २ मधुमेहाचे निदान होताच दृष्टिपटल तपासतात. दिसायला कमी लागेपर्यंत थांबत नाहीत. थायरॉइडच्या विकारात डोळे पुढे येतात, कधी एकाचे दोन दिसतात. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याला सूज आणणाऱ्या संधिवातात एक डोळा अचानक लाल होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही. ‘डोळे आले’ समजून घरात पडलेले थेंब घालण्यात इथे मोलाचे दिवस जातात.

औषधांत स्टेरॉइडचा क्रमांक पहिला. गोळ्या किंवा थेंब दीर्घकाळ घेतल्यास भिंगाच्या मागच्या बाजूस मोतीबिंदू धरतो. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर पसरतात. डोळ्यातील दाब वाढून होणारा काचबिंदू अधिक घातक, कारण तो सहसा दुखत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही.

संधिवात व ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेतल्यास दृष्टिपटलाच्या मध्यभागाभोवती इजा होते, आणि औषध थांबवूनही ती वाढू शकते. म्हणून रोजची मात्रा प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. ६० किलोच्या रुग्णाला ही मर्यादा ३०० मिलिग्रॅम पडते, पण गोळी बहुधा २०० ची. तेव्हा एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन असा तोडगा निघतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी स्कॅन (प्रकाशकिरणांनी दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र घेणारी तपासणी) आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करतात. मूत्रपिंड कमजोर असल्यास त्याआधीच.

क्षयावरील इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेवर परिणाम करते. लाल-हिरवा रंग फिका वाटू लागणे ही पहिली खूण असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना त्याच दिवशी गाठावे, कारण औषध वेळीच थांबवल्यास नजर बहुतेकदा सुधारते.

प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनची गोष्ट निराळी. त्याने नजर बिघडत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र डोळ्याचा रंगीत पडदा सैल पडून फडफडतो व बाहुली आकसते. हे २००५ मध्ये प्रथम नोंदवले गेले. गोळी बंद करून बराच काळ लोटला तरी धोका उरतो, आणि लघवीच्या गोळीबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचे रुग्णाला सुचत नाही.