हात हलवायचा आहे, हे टोपीला कसं कळतं?

अर्धांगवायूनंतर हात हलवायला मदत म्हणून आम्ही मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी एक टोपी वापरतो. ती डोक्यावर चढवण्याआधी बहुतेक जण विचारतात: ही माझ्या मनातलं वाचणार का? नाही. तुम्हाला कशाची काळजी लागली आहे, कुणाचा राग आला आहे, यातलं तिला काहीच कळत नाही. तिला दिसते ती फक्त हालचालीची तयारी.

१९६५ साली जर्मनीत कॉर्नह्यूबर आणि डेके या संशोधकांनी दाखवून दिलं, की माणूस आपणहून बोट हलवतो त्याच्या सेकंदभर आधीच मेंदूतला विद्युतदाब हळूहळू बदलू लागतो. बदल जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. पापणी लवली तरी याहून कितीतरी मोठा संकेत उमटतो. म्हणून आम्ही सुरुवातीला तीच हालचाल पुन्हा पुन्हा करायला सांगतो. कंटाळा येतो खरा, पण तेवढ्या आवर्तनांशिवाय ही खूण गोंगाटातून वर येत नाही.

आमचा जास्त भर दुसऱ्या खुणेवर आहे. हात स्वस्थ असताना मेंदूच्या हालचालीच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा उमटणारी एक लय असते. हात हलवायचं ठरलं की ती क्षीण होते, उजव्या हातासाठी मुख्यतः डाव्या बाजूला. हालचालीची नुसती कल्पना केली तरीही! अर्धांगवायूनंतर ज्यांचा हात उचलत नाही, त्यांच्यासाठी आमची सगळी धडपड यावरच उभी आहे. लय क्षीण झाली की यांत्रिक हातमोजा लगेच बोटं उघडतो.

मग एमआरआय का नाही? तो मेंदूतली जागा फार छान दाखवतो, पण रक्तप्रवाहावरून. आणि तो प्रतिसाद शिगेला पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात. प्रकाशाने रक्तातला ऑक्सिजन मोजणारी टोपीही तितकीच संथ. एवढ्या उशिराने उघडलेली बोटं आपण उघडली, असं कुणाला वाटेल?

‘निर्णय १० सेकंद आधीच कळतो’ असं तुमच्या वाचनात आलं असेल. २००८ च्या त्या एमआरआय प्रयोगात डावं बटण की उजवं, एवढंच ओळखायचं होतं. अंदाज सुमारे ६० टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतो.

काहींचे संकेत सरावानंतरही स्पष्ट मिळत नाहीत. तो त्यांचा दोष नव्हे. घरच्यांनी कृपया ‘नीट लक्ष दे’ म्हणून रागावू नये.

येताना केस धुऊन, पूर्ण वाळवून या; तेल किंवा जेल लावू नका. आणि टोपी घातल्यावर दात आवळू नका, जबड्याच्या स्नायूंचे संकेत मेंदूच्या संकेतांना झाकून टाकतात.